मोठा टर्बो आणि पहिला कापूस

आमच्या जीपच्या बॉनेटला एक भोक पाडलेलं होतं आणि त्यातून हातभर लांबीचं एक नळकांडं वर आलेलं होतं. पाहणारा आधी हसायचा आणि मग विचारायचा, हे काय धुराडं आहे का? धुराडं नव्हे. धूर मागून जायचा. हे हवा आत घ्यायचं तोंड होतं. हे मी आज झोपेतून उठवलं तरी सांगू शकते, कारण लग्नानंतरची सहा वर्षं नवरा माझ्याशी जे काही बोलला त्यातलं निम्मं या हवेबद्दलच होतं. बाकीच्या बायकांचे नवरे घरी काय बोलत असतील कोण जाणे.

समोर मी त्याला 'अहो'च म्हणते. लिहिताना मात्र 'तो' लिहिणार आहे. 'ते' लिहायला बसले की मनातलं अर्धं मनातच राहतं.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, धाडपासून चार-पाच किलोमीटर आत. शेत कोरडवाहू, पीक कपाशीचं. बीटीचं बियाणं नवं आलं तेव्हा पहिली तीन-चार वर्षं घरात पाय ठेवायला जागा नसायची, माणसं कापसाच्या ढिगावरच झोपायची, असं सासू सांगायची. मी लग्न होऊन आले ती उतरती कळा बघायला. ज्या अळीच्या भीतीने ते बियाणं घेतलं तीच अळी, गुलाबी, बोंडाच्या आत मजेत बसलेली सापडायला लागली. वरून बोंड धडधाकट, फोडलं की आत कापसाऐवजी किडकी काळी कवडी. गावातल्या माणसांनी बियाण्याला, औषधाला, पावसाला, सरकारला, सगळ्यांना शिव्या घालून पाहिल्या. मग शिव्याही संपल्या आणि माणसं ओट्यावर नुसती बसून राहायला लागली.

माझा नवरा बसणाऱ्यातला नव्हता. शेतातून आला की हात न धुता तो जीपखाली शिरायचा. जीप जुनी, दोन हात फिरून आलेली. सकाळी आमच्या बाजूच्या बाया भरून बुलढाण्यावरून राजूर घाट उतरायचा, घाटाखालच्या गावांमध्ये कापूस वेचायला त्यांना सोडायचं आणि संध्याकाळी पुन्हा वर आणायचं, हे तिचं काम. उतरताना काही नाही. पण संध्याकाळी भरल्या गाडीने चढताना एका वळणावर जीप मान टाकायची. मग अर्ध्या बाया उतरायच्या, पदर खोचून पुढच्या वळणापर्यंत चालत जायच्या आणि तिथे पुन्हा बसायच्या. दिवसभर वेचणीत वाकलेल्या कमरा त्या. कोणी तक्रार करायची नाही. पण नवऱ्याला ते फार लागायचं. "माझ्या गाडीत बसून बाया पायी चालतेत," असं म्हणायचा आणि जेवण अर्धवट टाकून उठायचा.

मोबाइलवर तो परदेशातल्या गाड्या बघत बसे. रानडुकरासारख्या रुंद, बॉनेट फाडून वर आलेलं भलंमोठं यंत्र. त्याला सुपरचार्जर म्हणतात, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो, हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, हवा कोंबून काय होणार? त्याने चुलीजवळची फुंकणी उचलली.

"चुलीत लाकडं कितीबी घाल. फुंकणी नाही मारली त जाळ व्हते का? धूरच व्हते ना. इंजिन म्हणजे चूलच हाय वं. मले फुंकणी पायजे."

एवढं मला समजलं. रोज डोळे लाल करून घेणारी मी, मला नाही समजणार तर कोणाला?

धाडला त्याचा एक दोस्त मिस्त्री होता. मुसलमान, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, टिनाच्या शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याने सुपरचार्जरचा नाद सोडायला लावला. पट्ट्यावरचं ते यंत्र इंजिनाचीच ताकद खातं, आपल्या म्हाताऱ्या इंजिनाला झेपायचं नाही. त्यापेक्षा टर्बो बसवू. तोही हवाच कोंबतो, पण फुकट जाणाऱ्या धुरावर फिरतो. मोडीत निघालेल्या एका पिकअपचा छोटा टर्बो त्याने बसवून दिला आणि शेजारी एक काटा लावला, हवा किती जोरात आत जाते ते दाखवणारा.

तो काटा नवऱ्याच्या बाजूने नीट दिसायचा नाही. म्हणून मी शेजारी बसायची. मुलगी लहान होती, तिला सासूकडे सोडून मी संध्याकाळच्या फेरीला निघायची, कारण काय तर काटा वाचायला. रस्त्यावरून नजर न हलवता तो विचारायचा, "किती?" मी म्हणायची, "पाच." "आता?" "सहा. सात." आठच्या वर काटा कधी गेला नाही. टर्बोची बारीक शिट्टी वाजायची आणि तिच्यावर आमचं बोलणं. मागे बाया हसायच्या, एक म्हातारी म्हणायची, "हे दोघं काय पाढे म्हनून राह्यले बाप्पा?" मला त्या वेळी कळलं नाही, पण माझ्या संसारातला सगळ्यात गोड भाग तोच होता. त्याच्याकडे बघायची गरज नव्हती, त्याला माझ्याकडे बघायची गरज नव्हती, आणि आम्ही दोघं एकाच गोष्टीकडे बघत होतो.

छोट्या टर्बोने फरक पडला, पण वळणावर बाया उतरायच्या त्या उतरायच्याच. फक्त आठाच्या जागी चार.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी दोन गोष्टी एकदम झाल्या. वेचणीच्या बायांचा मुकादम म्हणाला, पंधरा बाया घेऊन, एकीलाही न उतरवता तुझी गाडी घाट चढली, तर माझ्या सगळ्या टोळ्यांची ने-आण तुझ्याकडे, वर्षभर. आणि नवऱ्याच्या एका वर्गमित्राचा पुण्याहून फोन आला. नव्या मोटारी देशभर पोचवणाऱ्या लांबलचक ट्रेलरवर चालक पाहिजेत, जागा धरून ठेवतो, दिवाळीच्या आत कळव. नवऱ्याने दोन्ही गोष्टी मला एकाच दमात सांगितल्या. मी विचारलं, मग? तो म्हणाला, "गाडी चढली त कायले जातो? नाही चढली त जा लागीन."

म्हणजे माझा नवरा घरी राहणार की नाही, हे एका वळणावर ठरणार होतं. मी देवाला नवस बोलणारी बाई नाही. त्या आठवड्यात मी तीन देवांना बोलले.

जालन्याच्या भंगार बाजारातून मिस्त्रीने मोठा टर्बो आणला, एका मोठ्या ट्रकचा. पहिला पेरूएवढा म्हटला तर हा नारळाएवढा. पोत्यात गुंडाळून आणलेला तो टर्बो मांडीवर घेऊन मिस्त्री मला म्हणाला, "भाभी, बडा टर्बो बडे आदमी जैसा र्‍हयता. देर से उठता. पन एक बार उठ्या, का फिर बैठता नही."

मला ते देर से उठणं आवडलं नाही. आमच्या घरात असे उशिरा उठणारे पुष्कळ होते.

बसवायला दहा-बारा दिवस लागले. जुन्या जागी तो मावेना. मिस्त्रीने नवी पट्टी कापली, नव्या नळ्या जोडल्या, तेलाची नळी लांबवली. हवेची जुनी चाळण, म्हणजे फिल्टर, या नारळाच्या तोंडाला बसेना. नवी जालन्याहून यायला चार दिवस होते आणि मुकादम थांबायला तयार नव्हता. शेवटी बॉनेटला भोक पाडून नळकांडं वर काढलं आणि तोंड तसंच उघडं ठेवलं. चार दिवस काही होत नाही, मिस्त्री म्हणाला. नवऱ्याला तर आनंदच झाला. त्याची गाडी मोबाइलमधल्या गाड्यांसारखी दिसायला लागली होती. तो तिच्याभोवती फिरायचा आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. लग्नातसुद्धा तो इतका खुललेला मी पाहिला नव्हता.

घाट चढून दाखवायच्या आदल्या दिवशी आमच्या शेतात सीतादही होतं. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी करायची पूजा ती. कपाशीच्या झाडापाशी खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा आणि पहिला कापूस घरच्या बाईने आपल्या हाताने वेचायचा. आमच्या घरात तो पहिला कापूस विकत नाहीत. ज्याच्यावर घराचं पोट, त्याला तो वाहायचा. सासू तो धान्याच्या कणगीत ठेवायची.

मी पाच बोंडांचा कापूस वेचला. चांगली बोंडं शोधायलाच अर्धा तास गेला. घरी येताना विचार करत होते, की या वर्षी घराचं पोट काही या शेतावर नाही. कणगी रिकामी आहे. पोट आहे ते जीपवर. मग पहिला मान तिचाच.

दुपारी नवरा धाडला गेलेला, जीप अंगणात. मी बॉनेटवर हळदकुंकू लावलं. पाच बोंडांचा कापूस हळदीच्या दोऱ्याने बांधला. दहीभाताची वाटी त्या नळकांड्यासमोर धरली, कारण निवद तोंडालाच दाखवतात आणि त्या गाडीला तोंड होतं ते तेच. कापूस वर ठेवला तर वाऱ्याने हलायला लागला, म्हणून आत खोचला, चार बोटं खोल. संध्याकाळी काढून घेऊ म्हटलं.

हवेबद्दल मला सगळं ठाऊक होतं. सहा वर्षं ऐकलं होतं. पण हात जोडलेली बाई हवेचा विचार करत नाही.

संध्याकाळी मुलीला ताप भरला आणि मी विसरले. सकाळी आठवलं तेव्हा पाहिलं, तर कापूस दिसला नाही. आमच्या अंगणात चिमण्या फार, घरटं बांधायला त्या कापूस नेतातच. मी निश्चिंत झाले.

त्या दिवशी संध्याकाळी घाटाखालून निघालो तेव्हा मागे पंधरा बाया होत्या, शेजारी मी, आणि मागून मोटारसायकलवर मुकादम. पहिल्या चढावर टर्बो उठेना. काटा तीनवरच. मी तोंडात पदर धरला. मग मिस्त्री म्हणाला होता तसा तो उठला. शिट्टी नव्हे, मोठी सळसळ. "किती?" "आठ." "आता?" "दहा. अकरा." आजवर अकरा मी कधी म्हटलं नव्हतं. नवरा हसला. तिसरा गिअर होता आणि गाडी अशी निघाली की मागच्या बाया एकमेकींना धरून बसल्या. ते वळण समोर दिसलं. "किती?" "तेरा," मी म्हटलं, आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. दहा, सहा, दोन. मी आकडे सांगितलेच नाहीत. मागे काळा धूर झाला. जीप त्याच जागी, अगदी त्याच जागी उभी राहिली.

बाया न सांगता उतरल्या. सवयीने. अर्ध्या उतरून चालायला लागल्या आणि त्यांना तसं चालताना पाहून नवऱ्याचा चेहरा पडला, तो मला अजून दिसतो. त्याने बॉनेट उघडलं, पान्याने काहीतरी सोडलं, बराच वेळ आत हात घालून होता. मग बॉनेट लावून मागे मुकादमाकडे गेला. मी उतरून पुढे आले, तेव्हा नळकांड्याच्या काठाला हळदीच्या दोऱ्याचं टोक चिकटलेलं दिसलं. मी ते ओढलं. नुसता दोरा हातात आला.

तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. पण समोर मुकादम होता, बाया होत्या. बायकोने इंजिनाला निवद चारला, ही गोष्ट जिल्हाभर झाली असती आणि तो जन्मभर हसण्याचा विषय झाला असता. मी दोरा मुठीत धरून गप्प बसले. नवरा परत येऊन एवढंच म्हणाला, "मोठा हाय तो. आपल्या इंजिनाले नाही झेपत." उरलेला घाट आम्ही पहिल्या गिअरमध्ये, रडतखडत चढलो.

सकाळी सांगायचं असं मी ठरवलं. सकाळी उठले तर जीप नव्हती. मला वाटलं मिस्त्रीकडे गेला असेल. दहाच्या सुमारास आला, आंघोळ केली, चहा घेतला आणि म्हणाला, "पुन्याले हो म्हणून टाकलं." मग सांगून काय उपयोग होता? आता सांगितलं तर जाताना माझ्यावर राग धरून जाईल, अशी भीती वाटली. चार दिवसांनी मी त्याला धाडच्या स्टँडवर एसटीत बसवून आले.

याला आठ वर्षं झाली. तो वर्षातून दोनदा येतो. पैसे पाठवतो, फोन करतो, वाईट काही नाही. मी गावातल्या अंगणवाडीत काम करते, मुलगी आठवीत गेली. जीप विकली तेव्हा मी शेजारणीकडे जाऊन बसले होते. लोक विचारतात, नवरा नाही तर करमतं का? करमतं. दिवस भरलेला असतो. पण मीटिंगसाठी कधी बुलढाण्याच्या पुढे घाटाखाली जावं लागतं, आणि परत येताना एसटी चढणीला लागली की माझ्या मनात आकडे सुरू होतात. पाच, सहा, सात. शेजारी कोणी बाई पाटी घेऊन बसलेली असते. किती, असं कोणीही विचारत नाही. त्या एका शब्दासाठी जीव इतका तुटेल हे मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

आणि प्रत्येक वेळी त्या वळणावर मी स्वतःला सांगायची: तुझ्या हाताने झालं हे. पाच बोंडं खोचली नसतीस, तर आज तो घरी असता.

मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा आम्ही दोघंच शेगावला दर्शनाला गेलो. येताना रेल्वेने मलकापूर आणि तिथून एसटी. घाट लागला. ते वळण जवळ आलं आणि आठ वर्षं तोंडात धरलेलं बाहेर पडलं.

"त्या दिशी पाइपात कापूस मी खोचला होता. सीतादहीचा."

तो खिडकीतून बाहेर बघत होता. "मले माहीत हाय."

"कधीपासून?"

"तेव्हाच. पाइप सोडला अन् हातात आला. पाच बोंडं, हळदीची. आपल्या घरात हळद लावनारं दुसरं कोन हाय?" तो जरासा हसला.

"मंग बोलले काऊन नाही?"

"बाया होत्या, मुकादम होता. तुले लोकं काय म्हनले असते?"

मला रडू आलं. मी ज्यासाठी गप्प बसले त्यासाठीच तोही गप्प बसला होता. मी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "टर्बो मोडला होता का त्याच्यानं?"

"नाही वं. काही नाही झालं त्याले. पाइप घाईत ढिला लागला होता, म्हनून त्या दिशी वरपर्यंत रडली गाडी. दुसऱ्या दिशी सकाळी मी अन् मिस्त्री आलो ना इथं. मागं दगडं भरले होते. तिसऱ्या गेरमधी चढली. काटा पंधरावर."

"काटा कोनं वाचला?"

"मिस्त्रीनं."

बस वळण घेऊन वर आली. मी विचारलं, "चढली होती, त मुकादमाले सांगतलं काऊन नाही?"

त्याने खिडकीची काच सरकवली. मग म्हणाला, "सांगाले निंगालोच होतो. वर आलो, गाडी उभी केली. अन् वाटलं, झालं. आता रोज हेच. पंधरा बाया खाली, पंधरा बाया वर, मरेपर्यंत. मले जायाचंच होतं. तुले सांगाची हिंमत होत नव्हती. गाडी चढत नाही हे कारन आयतंच भेटलं होतं."

हे तो काही लपवल्यासारखं बोलला नाही. इतक्या वर्षांनी त्याला वाटत असावं, की यात आता सांगण्यासारखंही काही राहिलेलं नाही. मी रडते आहे ती मन मोकळं झालं म्हणून, असं समजून त्याने माझा हात धरला. मी धरू दिला.

आठ वर्षं मी स्वतःला बोल लावत आले, आणि त्यात मला किती आधार होता ते मला त्या एसटीत समजलं. माझी चूक झाली, एवढंच ते नव्हतं. ती झाली नसती तर तो माझ्यासाठी थांबला असता, हेही त्यातच होतं. आता माझी काही चूक नाही. मी कापूस खोचला नसता, तरी तो गेलाच असता.